सपत्नीक

उंद्रीत नम्रपणाची स्पर्धा ठेवली तर पहिला नंबर आपलाच, असं रंगराव छातीठोकपणे सांगत. "आन् दुसऱ्या नंबरवाला लय मांगं राहीन!" हेही वर जोडत.

"आपल्याले मोठेपणा बिलकुल आवडत नाही बे," हे वाक्य ते इतक्या मोठ्यानं म्हणत, की स्टँडवर झोपलेली कुत्री दचकून उठून बसत. कुठल्याही कार्यक्रमात पुढच्या खुर्चीत बसायचा आग्रह झाला, की "नको नको, मी आपला खाली सतरंजीवर" म्हणून ते खाली वाकत, आणि कोणीतरी दंड धरून वर ओढेपर्यंत तसेच अर्धे वाकून थांबत. एकदा कोणाच्या ध्यानातच आलं नाही. बिचारे वाकले ते वाकलेलेच! शेवटी चप्पल शोधत असल्यासारखं करून त्यांनी वेळ मारून नेली.

रंगरावांचं वावर गावाला लागूनच. मिरची, वांगी, टमाटे असा भाजीपाला. त्यात काम दोघांत वाटलेलं होतं. वाफे करणं, बी टाकणं, रोपं वाढवणं, खुरपणं, तोडणी करणं आणि पोती भरणं हे कोकिळाबाईंकडे. आणि चिखलीच्या बाजारात जाऊन "यंदा आपण मिरची कशी आणली" हे चार लोकांना समजावून सांगणं हे रंगरावांकडे. दोघंही आपापल्या कामात वाकबगार होते.

तर मागच्या साली गारपीट झाली. ऐन लागवडीच्या तोंडावर आली आणि गावातल्या सगळ्यांच्या रोपांचा चेंदामेंदा करून गेली. रोपं वाचली ती एकट्या रंगरावांच्या वाफ्यातली. कोकिळाबाईंनी ती झाकून ठेवली होती, आणि गारा थांबल्यावर ज्याला लागतील त्याला वाटून दिली. फुकट! रंगराव त्या वेळी शेगावला एका लग्नात आहेर कसा घ्यावा याचं मार्गदर्शन करत होते. परत येऊन पाहतात तर वाफे रिकामे. मग त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "अव, दानशूर झाली का तू? आपल्या वावरात आता काय डोंबल लावू?"

पण दुसऱ्या दिवसापासून रस्त्यात भेटेल तो हात जोडायला लागला. "रंगराव, तुमच्या घरच्या रोपानं आमचं वावर उभं राह्यलं हो!" पहिल्या माणसाला रंगराव नुसतं "हंऽ" म्हणाले. दुसऱ्याला म्हणाले, "चालतंच." पुढं पुढं तर तेही हात जोडायला लागले. "अरे, माणूसच माणसाच्या कामी नाही येईन, तं कोन येईन?" हे इतक्यांदा म्हटलं, की आपण तेव्हा शेगावला होतो हे ते हळूहळू विसरूनच गेले. वर्ष सरेपर्यंत त्यांना त्या दिवशीच्या गाराही आठवायला लागल्या. एक तर थेट डोक्यात बसली होती म्हणे! टेंगूळ दाखवत.

अशात एके दिवशी सकाळी फोन आला.

रंगरावांच्या घरी मोबाइलला रेंज येते ती फक्त गोठ्यातल्या हौदाच्या काठावर उभं राहिल्यावर. ते धोतर सावरत वर चढले.

"हॅलो, काकाजी? मी शेखर बोलून राह्यलो. कृषीमित्र मंडळाचा सचिव."

"बोला, बोला!"

"यंदाचा सत्कार तुमच्या घरी द्याचं ठरलं हाये. गारपिटीत गावाले रोपं वाटली न, त्याच्यासाठी. तं काकूले..." खर्रर्र! म्हशीनं नेमकी तेव्हाच शेपूट मारली, रंगरावांचा तोल गेला आणि फोन कानापासून सुटला. परत कानाला लावला तेव्हा शेखर म्हणत होता, "...सपत्नीकच करतो आमी. जोडीनं या बरं का!"

"येतो न! पन शेखर, कायले सत्कार-बित्कार? आपण साधे मानसं."

"नाही नाही काकाजी, याच लागते."

"बरं. तुमचा लयच आग्रह हाये तं..." असं म्हणून रंगरावांनी फोन ठेवला आणि हौदाच्या काठावरूनच हाक मारली, "ऐकलं का वो! माहा सत्कार ठरला! तुलेबी बोलावलं!"

कोकिळाबाई गोवऱ्या थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"तुमचा?"

"तं काय म्हशीचा?"

"अहो, पन समताताई परवा आल्या होत्या मंडळाच्या. त्या तं म्हणत होत्या का..."

"त्या तुले सांगाले आल्या असतीन. मी घरी नव्हतो न! बाईमानूस कितीक सांगणार? आता सचिवाचाच फोन आला म्हटलं, सचिवाचा!"

कोकिळाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. हौदावर उभा राहिलेला तो माणूस लहान पोराला जत्रेतली पिपाणी मिळावी तसा फुलला होता. त्या काहीतरी बोलणार होत्या. मग त्यांनी पुढची गोवरी थापली.

झालं! त्या दिवसापासून रंगरावांच्या अंगात सत्कार संचारला. चिखलीच्या शिंप्याकडे नवं जाकीट टाकलं. पुण्याला मुलीला, निशिगंधाला, फोन केला.

"बाबा, अभिनंदन! आईनं सांगितलं मला परवाच. आईचा..."

"हाव हाव, आईबी येऊन राह्यली संगं! सपत्नीक हाये थे. बरं, तू जावईबापूंले सांग, मानूस पन्नाशीनंतर बी चमकू शकते म्हना! ठेवतो, हौदावर उभा हाये."

मग ते फ्लेक्स छापायला गेले. फोटो निवडला तो काळा चष्मा लावून फोनवर बोलतानाचा. वर मजकूर दिला, "विनम्र व्यक्तिमत्त्व, रोपांचे तारणहार मा. श्री. रंगराव यांचे हार्दिक अभिनंदन!"

"खाली शुभेच्छुक कोन टाकू काकाजी?" छापणाऱ्यानं विचारलं.

"मित्रमंडळ टाक."

"कोनतं?"

"तू छाप. मंडळ होईन नंतर तयार."

फ्लेक्स स्टँडवर लागला. शेजारचे उकंडराव त्याच्याखाली बराच वेळ मान वर करून उभे राहिले. उकंडराव म्हणजे रंगरावांचे लहानपणापासूनचे दोस्त. खरं तेच आणि तोंडावरच बोलायची खोड असलेला माणूस.

"रंग्या, मी आयकलं, थो सत्कार वहिनीचा हाये म्हणून."

रंगराव हसले. मोठ्या मनानं हसले. "उकंडा, जळू नको बे. तुहाबी होईन कधीतरी."

"मी काऊन जळू? मी तुले सांगून राह्यलो..."

"माह्यासंगं जीपमध्ये ये. पुढं बस. टाळ्या वाजवाले घरचं मानूस पाह्यजेच. सुनेलेबी आन."

सगळ्यात जास्त वेळ गेला तो भाषणाच्या तालमीत. माईक म्हटलं की रंगरावांच्या तोंडची वऱ्हाडी पळून जाई आणि तिच्या जागी इस्त्री केलेली पुस्तकी मराठी येई. गोठ्यात म्हशीपुढं उभं राहून ते म्हणत, "या सत्कारानं मी नम्र झालो आहे!" हात जोडून एकदा, छातीवर ठेवून एकदा, डोळे मिटून एकदा. म्हैस रवंथ करत मान हलवायची. तेवढ्यात डोळ्यांत पाणी आणायचं होतं, ते काही जमेना. नाकात वैरणीचं कुसळ गेलं तेव्हा आलं, पण ते थांबेना.

कोकिळाबाई दूध काढायला आल्या. बादली खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, मलेबी थितं दोन शब्द बोलाचे हायेत."

"बोल न! मी कुठं नाही म्हनतो? माहं झाल्यावर उठजो आन् म्हनजो, 'मलेबी हेच म्हनाचं होतं.' लोकं खूश होतात."

"तसं नाही. मले एक..."

"नवं लुगडं नेसजो मात्र," रंगराव म्हणाले आणि पुन्हा म्हशीकडे वळले. "आदरणीय व्यासपीठ!"

कार्यक्रमाच्या दिवशी जीप निघाली. पुढं ड्रायव्हरजवळ रंगराव आणि उकंडराव, मागं कोकिळाबाई आणि उकंडरावांची सून संजीवनी. चिखली मागं पडली, हिवरा आश्रमची वाट लागली, तरी रंगरावांचं तोंड बंद नव्हतं. मागं दोघी बाया हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. संजीवनी लाजून नाही नाही म्हणत होती आणि कोकिळाबाई तिचा हात दाबून हो हो म्हणत होत्या. रंगरावांना वाटलं, आपलीच तारीफ चालली असेल.

रस्त्यालगतच्या मंगल कार्यालयात कार्यक्रम होता. मंडप भरला होता, वांग्याच्या भाजीचा वास दरवळत होता, आणि व्यासपीठावर पाहुण्या म्हणून शेतीखात्यातल्या एक मोठ्या मॅडम बसल्या होत्या. त्यांना पुढं दुसऱ्या गावी जायचं होतं म्हणून त्या सारख्या घड्याळ बघत होत्या. सूत्रसंचालन समताताईंकडे होतं.

"आता आपल्या आजच्या मुख्य सत्कारमूर्ती, उंद्रीच्या सौ.—" चुंईंईंईं! माईकनं अशी किंचाळी मारली, की पुढच्या रांगेतलं एक तान्हं बाळ रडायला लागलं. "—रंगराव, आपण व्यासपीठावर यावं!"

रंगराव उठले. आधी मागं वळून हात जोडले, मग डावीकडे, मग उजवीकडे. कोकिळाबाईही उठल्या. त्या मागून येत होत्या, कारण पुढं जायला रंगरावांनी जागाच ठेवली नव्हती.

मॅडमनी शाल उलगडली आणि त्या हसत कोकिळाबाईंसमोर आल्या. मधेच रंगरावांची मान आली! अशी मनापासून वाकलेली, इतकी तयारीची मान समोर आल्यावर कोण काय करणार? मॅडमनी एकदा शेखरकडे पाहिलं, शेखरनं समताताईंकडे पाहिलं, आणि शाल रंगरावांच्या खांद्यावर पडली. नारळ आला. तोही रंगरावांनी घेतला. मग साडी आली, तेव्हा मात्र ते बाजूला सरले आणि बायकोला म्हणाले, "घे न! लाजू नको. हे तुह्यासाठी हाये."

"आता आपण मान—" समताताई म्हणाल्या. त्यांना म्हणायचं होतं मानपत्र. रंगरावांना ऐकू आलं मनोगत. माईक त्यांच्या हातात गेलासुद्धा!

"आदरणीय व्यासपीठ, आणि माझ्या मायबाप कास्तकारांनो! खरं सांगतो, या सत्काराला मी पात्र नाही!"

"हाव! बराबर!" मागून कोणीतरी ओरडलं.

टाळ्या पडल्या. रंगरावांना बळ आलं.

"मी केलंच काय? काहीच केलं नाही!"

पुन्हा टाळ्या. आता शिट्ट्यासुद्धा!

"ही शाल खरं म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या तरी खांद्यावर शोभली असती!"

मंडप नुसता उसळला. मॅडमनीही जोरजोरात मान हलवली. म्हशीपुढच्या तालमीत एवढा प्रतिसाद कधी मिळाला नव्हता! रंगरावांनी जन्मभर भाषणं केली होती, पण आपल्या एकेका वाक्याला लोक असे पटून माना डोलावतात, हे ते पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी तीन-चार ओळींचं भाषण ताणलं. नम्रपणा एकेक पट्टी वर चढवत नेला. आपण धूळ आहोत म्हणाले. धुळीतलाही बारीक कण आहोत म्हणाले. मग गारपिटीवर आले आणि टोपी काढून म्हणाले, "त्या दिवशी रोपांपाशी उभा असताना एक गार इथं बसली. ही पाहा खूण!"

समोर उकंडरावांनी कपाळ दोन्ही हातांत धरलं. रंगरावांना वाटलं, दोस्ताला भरून आलं.

"आणि हो, माझ्या सौ.चाही यात खारीचा वाटा आहे. मी तिकडं वाफ्यात रोपांसाठी झुंजत होतो, तेव्हा तिनं घर सांभाळलं. मला वेळेवर चहा करून दिला!"

हशा एकदम थांबला.

इतका वेळ खदखदणारा मंडप असा गप्प झाला, की स्वयंपाकाच्या बाजूला पुरी तेलात सोडल्याचा आवाज ऐकू आला. बायांच्या बाजूनं कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. रंगराव समजले, लोक गहिवरले. आणि काय नवल, कुसळाशिवाय त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं! "या सत्कारानं मी नम्र झालो आहे," एवढं म्हणून ते खुर्चीत बसले. टाळी एकच वाजली. ती ड्रायव्हरची होती. त्याला काहीच माहीत नव्हतं.

समताताईंनी माईक घेतला. त्यांचा आवाज जरा घट्ट झाला होता.

"आता मानपत्राचं वाचन करते. सौ. कोकिळाबाई रंगराव, मुक्काम उंद्री."

रंगरावांचा चेहरा हसराच होता. तो तसाच राहिला, फक्त आतलं हसू निघून गेलं.

"मागील वर्षी गारपीट आली, त्या वेळी मालक परगावी असताना आपण एकहाती रोपवाटिका वाचवली. घरातल्या चादरी, नेसूची लुगडी, आणि मालकांना आजवर सत्कारात मिळालेल्या सगळ्या शाली आपण वाफ्यांवर अंथरल्या..."

आता मात्र मंडपाला राहवेना. पोट धरून माणसं हसली. रंगराव मान खाली घालून बसले, तर समोर ही नवी शाल! अंगावर निखारा ठेवावा तशी ती भाजायला लागली. काढावी तर एवढ्या लोकांसमोर काढायची कशी? न काढावी तर बसायचं कसं? त्यांनी हळूच एक टोक खांद्यावरून घसरवलं आणि शेजारी बसलेल्या कोकिळाबाईंच्या मांडीवर सरकवायला लागले.

"राहू द्या," कोकिळाबाई ओठ न हलवता म्हणाल्या. "आता काढू नका. लोकं पाहून राह्यले."

त्यांनी ते टोक उचलून पुन्हा नवऱ्याच्या खांद्यावर नीट ठेवलं. रंगरावांना वाटलं, हिनं चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं!

मानपत्र संपलं. रंगराव ताडकन उठले. झाली चूक माईकवर झाली, ती माईकवरच दुरुस्त करावी म्हणून ते तिकडे निघाले. ते येताना दिसताच समताताईंनी माईक उचलून पाठीमागे लपवला. मंडपात पुन्हा हशा!

"ताई, एकच वाक्य!"

"काकाजी, तुमचं झालं. आता काकूंना बोलू द्यायचं होतं, पण मॅडमना निघायचंय. वेळ संपली," आणि त्या माईकवर म्हणाल्या, "वेळेअभावी मनोगत आटोपतं घेत आहोत. सर्वांनी जेवून जावं."

कोकिळाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. पदर खोचलेला, ओठ बोलायला उघडलेले. त्या तशाच खाली बसल्या.

जेवणाच्या पंगतीत बायांनी कोकिळाबाईंना घेरलं. रंगरावांजवळ कोणी येईना. एक अनोळखी पाहुणा तेवढा हात पुसत आला आणि म्हणाला, "काकाजी, काय हसवलं तुम्ही! आमच्या पुतण्याच्या हळदीले या न कार्यक्रम कराले." रंगरावांनी पुरी तोंडात घातली.

परतीच्या वाटेवर उकंडराव जीपच्या खिडकीतून बाहेर बघत बसले. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या, तर रंगरावांना हलकं वाटलं असतं. उंद्रीच्या स्टँडवर जीप वळली, तर समोर फ्लेक्सवर काळ्या चष्म्यातले विनम्र रंगराव! कोणाशी तरी फोनवर बोलत होते. रंगराव तिथंच उतरले, दोरी दातांनी तोडून फ्लेक्स खाली ओढला, गुंडाळला आणि काखेत मारून घरी चालत आले.

संध्याकाळी कोकिळाबाई ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या. रंगराव जरा दूर, खांबाला टेकून बसले. शाल कुठं ठेवावी ते कळेना म्हणून ती अजून हातातच होती.

"तुले ठाऊक होतं. सत्कार तुहा हाये म्हणून."

"हाव."

"मंग काऊन नाही सांगतलं?"

"सांगत होते. तुमी आयकून कुठं राह्यले होते?" कोकिळाबाईंनी सुपातला खडा बाजूला टाकला. "मंग म्हटलं, जाऊ द्या. लय खूश होते तुमी. थितं गेल्यावर समजीनच, असं वाटलं. इतकं लांबीन असं नाही वाटलं."

"तू मले तिथंच कोपर माराचं न!"

"मारलं. दोनदा. तुमी म्हनले, 'थांब, आता तुहंच नाव घेतो.' आन् चहा काढला."

रंगरावांनी डोळे मिटले. तो चहा! तेवढा एक चहा तरी काढला नसता!

"माह्याच्यानं लय चुकलं," ते म्हणाले. हे वाक्य पुस्तकी नव्हतं आणि त्याची तालीमही झाली नव्हती. "तुहा दिवस मी खाल्ला."

"मले त्याचं काही नाही वाटत. मले सवय हाये."

हे त्यांनी रागानं म्हटलं असतं, तर त्याला उत्तर देता आलं असतं. पण त्या अगदी सहज म्हणाल्या, आज आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तशा.

रंगरावांनी हातातल्या शालीची घडी घातली, मोडली आणि विचारलं, "तू काय बोलनार होती?"

"आता काय करता त्याचं?"

"सांग तरी."

कोकिळाबाईंचा हात सुपात थांबला.

"मले संजीवनीचं नाव घ्याचं होतं. मानपत्रात लिहिलं न, एकहाती म्हणून? एकहाती नव्हतं थे. आभाळ आलं तवा मी एकलीच वाफ्यात धावून राह्यली होती. तिनं कुंपणावरून पाह्यलं आन् उडी टाकून आली. नवी नवरी होती थे. लुगडी संपली, तुमच्या शाली संपल्या, तरी एक वाफा उघडा होता. तं तिनं घरी जाऊन लग्नातला शालू आनला आन् टाकला त्याच्यावर. गारांनी चाळणी झाली त्याची."

"मंग?"

"मंग काय? पेटीच्या बुडाशी ठेवला हाये दडवून. सासरी कोनाले सांगतलं नाही आजलोक. सण आला का भेव वाटते तिले, शालू नेस म्हनतीन म्हणून. मी म्हटलं, माईकवरून सांगू. चार लोकं टाळ्या वाजवतीन, सासऱ्याची मान वर होईन, मंग शालूचं कोन काय बोलीन? तिले कालच सांगून ठेवलं होतं. बिचारी नवं पातळ नेसून पुढच्या रांगीत बसली होती."

"मंग आता सांग न उकंड्याले. मी सांगतो!"

"घरात सांगतलं का थो शालू 'फाडला' होते. माईकवर सांगतलं असतं तं 'गावासाठी दिला' झाला असता. फरक हाये."

आपण धूळ आहोत, धुळीतला कण आहोत, हे रंगरावांनी सकाळी सगळ्या मंडपाला ओरडून सांगितलं होतं. ते सांगताना किती छान वाटलं होतं! आता मात्र खांबाला टेकलेला हा माणूस खरोखरच एवढासा झाला होता, आणि त्यात छान असं काहीच वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आंघोळ केली, जाकीट घातलं, मग जाकीट काढलं, आणि उकंडरावांच्या घरी निघाले. संजीवनीची माफी मागायची, असं पक्कं ठरवून. वाटेत वाक्य जुळवत होते. 'संजीवनी, पोरी, माह्याच्यानं तुहा...'

दारात पोचले, तर ओट्यावर उकंडराव दातून करत बसलेले! संजीवनी अंगण झाडत होती. तिनं पदर सावरला.

"या काकाजी."

रंगरावांनी तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. शालूचं बोलावं तर सासरा समोर. शालूचं सोडून माफी मागावी तर कशाची? 'तुझं नाव राहिलं' म्हणावं, तर 'कसलं नाव?' असं उकंडराव विचारणार, आणि मग शालूच निघणार. ज्या माणसाला म्हशीपुढंसुद्धा बोलायला विषय कमी पडला नव्हता, त्याला आज एक वाक्य सापडेना.

"बोल न बे रंग्या!" उकंडराव दातून बाजूला घेऊन म्हणाले. "काल तं माईक सुटत नव्हता हातचा!"

संजीवनी झाडू धरून उभी होती. तिच्या डोळ्यांत घाबरं काहीतरी तरळून गेलं. काकूंनी यांना सांगितलं की काय, आणि हे आता बोलतात की काय! रंगरावांनी ते पाहिलं. ओठांवर आलेलं सगळं त्यांनी गिळलं.

"पानी दे पोरी," ते म्हणाले.

तिनं तांब्या आणून दिला. रंगराव उभ्यानंच गटागटा प्यायले. तांब्या परत दिला, तरी पाय निघेनात. एवढ्या मोठ्या कामाला आलेला माणूस नुसतं पाणी पिऊन कसा जाईल?

"आनखी एक दे."

दुसराही तांब्या संपवला. मग संजीवनीला हात जोडले. वाकून, पण कोणी वर ओढायची वाट न पाहता ते सरळ झाले आणि घरी आले. पोटात नुसतं डबडब वाजत होतं.

कोकिळाबाई चुलीपुढं होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"मागतली माफी?"

"नाही." रंगराव पाटावर बसले. "पानी मागतलं. दोन तांबे पेलो."

"बोलले काहीच नाही?"

"काहीच नाही. उकंड्या समोर होता."

कोकिळाबाईंनी भाकरी उलटली. नवऱ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "तुमी माफी मागाले लागले असते, तं दुपारलोक तिचा सैपाक झाला नसता!"